सातशे एमबीत

ग्वाल्हेर, दौलतगंज. वाचनालयाचं मशीन
डीव्हीडी तोंडात धरत नाही,
पेनड्राइव्हला ओळख देत नाही.
सीडी तेवढी चालते.

सुहासिनी चांदोरकर दोन लिनक्स समोर ठेवून बसलेली:
एक चार जीबीचं,
वळकटी, तांब्या, लोणच्याची बरणी घेऊन येणारं;
दुसरं साडेतीनशे एमबीचं, हात हलवत आलेलं,
बाकीचं तुमच्याकडे असेलच म्हणून.

असेल?
इथलं नेट दुपारी दोनला जातं.
लिपिक म्हणतो, "आ जाएगा, मॅडम."

मग तिनं तिसरं शोधून काढलं. सहाशे ऐंशी.
खेळ नाहीत, गाणी नाहीत,
ग्रंथयादीपुरतं.

ट्रे आत गेला.
बराच वेळ नुसती घरघर,
मग काळ्या पडद्यावर: भाषा निवडा.
मराठी खूप खाली होती.
ती बाण दाबत राहिली.