लुसिएन गेला त्या रात्रीची नोंद

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
लुसिएन वोयझीन गेला.
मला ठाऊक होतं. त्याचा हात माझ्या हातात होता,
आणि हात जड कधी होतो
हे हाताला कळतंच.

कागदावर मात्र मी लिहिलं,
‘श्वास दिसत नाही. नाडी लागत नाही. नर्सना कळवले.’

नर्स म्हणजे पलीकडच्या इमारतीतली.
मी प्रॅक्टिकल नर्स, बिल्ल्यावर तीन अक्षरं.
तिघांनी पाहायचं, मोजायचं, कळवायचं.
‘गेला’ म्हणायला दोनच अक्षरं लागतात,
ती तिच्या बिल्ल्यावर होती.

ती आली तीन चाळीसला, बुटांना बर्फ.
तोवर अर्धा तास
लुसिएन ना इकडचा ना तिकडचा,
आणि मी त्याच्या ओठाच्या कडेचा ओघळ
पुसलेला पुन्हा पुसत बसलेली.

इथे फोर्ट केंटला, नदीच्या या काठावर,
म्हातारी माणसं शेवटी शेवटी इंग्रजी विसरतात.
फ्रेंचमधून पाणी मागतात, फ्रेंचमधून आईला बोलावतात.
अकरा वर्षं दर दोन तासांनी
मी त्यांची कूस बदलली.
कातडी फाटायच्या आधी कशी लाल होते,
खोटं झोपलेला माणूस कसा श्वास घेतो,
माझ्या हातांना हळूहळू डोळे फुटले.
त्या डोळ्यांना सही करता येत नव्हती.

आत्या म्हणते, आडवळणानं गेलीस मार्लीन,
सरळ चार वर्षांची डिग्री घ्यायचीस.
चार वर्षं होती कोणाकडे?
एकोणिसाव्या वर्षी माझ्याकडे
बटाट्याच्या हंगामाची मजुरी होती
आणि पोटात आंद्रे.
त्यात जेवढं बसलं तेवढं घेतलं.

बत्तिसाव्या वर्षी पुन्हा वर्गात.
रात्रपाळी, मग साठ मैल प्रेस्क आइल,
रस्त्यात मूस उभा, त्याला काही घाई नाही.
बाईंनी प्लास्टिकच्या बाहुलीवर जखम दाखवली.
छान होती. वास नव्हता तिला.
मायक्रोबायॉलॉजीत एकदा आपटले.
आंद्रे भागाकार करायचा, मी औषधाचे डोस,
एकच टेबल, एकच खोडरबर,
आणि रेआल लाकडाचा ट्रक लावून आला की
आम्हा दोघांना सूप वाढायचा, न बोलता.

परीक्षेत विचारायचे, ‘सर्वप्रथम काय कराल?’
खाली चार पर्याय.
मी दर वेळी पाचवा शोधायची,
खुर्ची ओढून बसेन.
तो कधीच नसायचा.
मग जे होतं त्यातलं बरोबर निवडायला शिकले,
आणि खरं सांगते, त्यातही शिकण्यासारखं खूप होतं.
पाय का सुजतो हे मला कळलं.
इतकी वर्षं मी फक्त तो उशीवर ठेवत होते.

नव्या बिल्ल्याची पिन टोचते अजून.

परवा रात्री फोन आला, दुसऱ्या इमारतीतून.
ब्रिएल, वीस वर्षांची, तीन अक्षरांची.
‘श्वास दिसत नाही,’ म्हणाली
आणि पुढचा शब्द गिळला.
मी कोट न घालता अंगण ओलांडलं, घसरले, उठले.
खोलीत ती उभी, म्हातारीचा हात धरून,
सोडायचा की नाही हे न कळून.

छातीला स्टेथोस्कोप लावला. पूर्ण एक मिनिट ऐकलं,
जिथे काही नव्हतं तिथे.
मग तिला विचारलं, ‘कधी?’
‘दोन बावीस,’ ती म्हणाली, ‘पण मी काही…’
‘तू होतीस ना इथे?’

वेळ मला माझीच लिहावी लागली, दोन सदतीस.
नियम आहे, मी मोडला नाही.
पण खालच्या रिकाम्या ओळीवर
दोन बावीसही लिहिलं, तिच्या नावासकट,
आणि तिला म्हटलं,
‘हात सोडू नकोस एवढ्यात.
मी खुर्ची आणते.’