एक फरशी अलीकडे

सेयाच्या चढावर जिथे सायकलींची शर्यत संपते,
तिथली पांढरी रेघ मी मारतो.
एकतीस वर्षं. नगरपालिकेचा माणूस, अदेरितु.
पहाटे तीनला रस्ता बंद करायचा,
सुतळीला खडू चोळून ताणायची, फटकन सोडायची,
दोन्ही अंगांना चिकटपट्टी,
आणि रोलर फिरवायचा एका दमात.
थांबलं की डाग पडतो.
डाग पडला की फोटोत दिसतो.

सायकलवाले येतात चारनंतर.
तेव्हा मी खालच्या वळणावर
कठडे सांभाळत असतो.
खरं सांगू? माझ्या रेघेवरून
पहिला आलेला माणूस मी कधी पाहिलेला नाही.
ओरडा तेवढा ऐकू येतो,
शेजारच्या घरातलं लग्न ऐकू यावं तसा.

शेवटून आलेला एक मात्र पाहिलाय.
कमानीतली हवा काढून झाली होती,
मी रेघेवर काळा रंग फिरवत होतो
(सोमवारी रस्ता होता तसा हवा, असा नियम),
तेव्हा वर आला तो, गुडघा सोललेला,
एका बुटाचा तळ लोंबत.
"रेघ कुठंय?"
मी पायाने दाखवली: इथपासून इथवर होती.
तो उतरला नाही.
ओल्या काळ्यावरून गेला,
आणि पुढे कितीतरी लांब
त्याच्या चाकाची खूण रस्त्यावर उमटत गेली.
साहेबांनी सोमवारी विचारलं.
म्हटलं, मांजर असेल.

फेब्रुवारीत फेलिज्मिनाच्या डोक्यात एक शीर फुटली.
उजवा हात, उजवा पाय आणि 'र' हे अक्षर,
एका रात्रीत गेली तिन्ही.
इस्पितळात व्यायाम शिकवणारी पोरगी, इयोलांदा,
तिने पलंगापासून अकराव्या फरशीवर
निळी पट्टी चिकटवली.
"मार्चअखेर इथवर यायचं, आजी."
पट्टी वाकडी होती. मी काही बोललो नाही.

तीन फरशा. चार.
एका गुरुवारी पाच, आणि मटकन खाली बसली.
मग दोन आठवडे पाचच.
मला वाटायचं मी तिला मागून ढकलावं,
रोलरसारखं, न थांबता.
पण इथे थांबतात. थुंकी पुसतात.
देवाला एक शिवी देतात, पुन्हा पाय उचलतात.

तीस मार्चला दहा झाल्या.
रात्री ती घोरत होती. मी खुर्चीवर.
उठलो, पट्टी सोलली,
आणि एक फरशी अलीकडे लावली.

सकाळी ती उभी राहिली. काठी, भिंत, श्वास.
पट्टीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
लोकरीच्या गिरणीत चाळीस वर्षं
धाग्यातली गाठ शोधलेले डोळे.
"अदेलितु," म्हणाली, "ही पट्टी सलळ आहे."

मी गुडघ्यांवर बसलो. पट्टी काढली, मागे नेली.
"वाकडी लाव. होती तशी."
मुद्दाम वाकडं लावणं अवघड असतं.
हात ऐकत नाही.
तीनदा काढली, तीनदा लावली,
ती वरून बघत उभी,
काठी थरथरत होती तरी बसली नाही.
त्या दिवशी दहाच झाल्या.
इयोलांदाने वहीत लिहिलं: दहा.

मेमधला शर्यतीचा रविवार.
मी खालच्या वळणावर, कठड्यांपाशी.
फोन वाजला, वर लोक ओरडत होते,
आणि फोनमध्येही कुणीतरी ओरडत होतं.
शब्द लागेना.
संध्याकाळी तसाच गेलो, बुटांवर काळा रंग.
ती खुर्चीत बसून संत्र्याच्या फोडी खात होती.
"दाखव," म्हटलं.
"दमले," म्हणाली. "उद्या ये."

खाली पाहिलं.
काठीच्या रबराचा करडा ओरखडा
पलंगापासून निघालेला,
पट्टीशी जरासुद्धा न अडखळता
पुढे, आणखी सहा फरशा,
थेट खिडकीपर्यंत.
तिथून म्हणे डोंगराचा एक तुकडा दिसतो,
आणि इस्पितळाची कपडे वाळत घालायची जागा.

बादली घेऊन बाई आली, फरशी पुसायला.
मी दारात आडवा उभा राहिलो.