कोलन

तळोधीच्या बाजारापासून दीड कोसावर
आमच्या गोठ्याच्या स्लॅबवर नेट पकडतं,
तेही पाण्याच्या टाकीला टेकून बसलं तर.
तिथं बसून मी रात्री
चुका धरणाऱ्या अवजाराच्या चाचण्या दुरुस्त करते.

डिबगर म्हणतात त्याला.
त्याच्या चाचण्यांत काही चिमुकले प्रोग्राम असतात,
त्यांना एकच काम दिलेलं : नीट कोसळायचं,
ठरल्या ओळीवर, ठरल्या कारणानं.
मला त्यांची थोडी दया येते.

आजचं काम किरकोळ.
एकीत कुणी वर दोन ओळींची टीप लिहिली
आणि सत्तेचाळिसाव्या ओळीवर थांबणारं
भलत्याच ठिकाणी जाऊन थांबलं.
४७ खोडून ४९.
दुसरीत एका शब्दाचं शेपूट गळालेलं, लावलं.
तिसरी तर हिरवीच होती. सहा वर्षं हिरवी.
मी नुसती शेजारून चालले होते.

'तपासा' असं लिहिलेलं, आणि पुढे कोलन नाही.
विसर्गाएवढे दोन ठिपके.
ते नसले की यंत्र त्या ओळीला शेरा समजतं,
मान डोलावून पुढे जातं.
सहा वर्षं कुणी काही तपासलंच नव्हतं,
आणि रोज पहाटे निकाल : उत्तीर्ण.

खालून खाटेवरून देवमनकाका ओरडले,
"का करतेस वं अजून? डास खातीन."
"काटे तपासायचा काटा तपासून राहिली."
ते गप्प झाले. मग म्हणाले,
"हाव. थे लागतेच."

काकांकडे लाकडी पेटी होती,
मखमलीत निजलेली पितळी वजनं,
ज्यांनी जन्मात कांदा तोलला नाही.
ती फक्त दुसऱ्या वजनांना विचारायला.
एकदा भर बाजारात, मोहफुलांच्या काट्याला,
पारड्याच्या पोटाशी
कुंभारीण माशीचं घर निघालं,
सुपारीएवढं, वाळकं, आत कुणी नाही.
काकांनी नखानं खरवडलं.
काटा सरकला.
बोरकुटे दुकानदार भडकला :
"कालपर्यंत तं बराबर होता!"

मी दोन ठिपके दिले.
चाचणी लाल झाली.
अवजार इतकी वर्षं एका चलाचं नाव
शेजारच्या चलाला लावत होतं, शांतपणे.
ते काही आज रात्रीत होणारं नाही.
निरोप लिहिला : कोलन टाकला. आता नापास होते.
'माफ करा' लिहिलं होतं, ते खोडलं.
पाठवलं, आणि लाईट गेली.

सकाळी उत्तर आलं,
कुठल्या थंड देशातल्या माणसाचं :
कालपर्यंत तर हिरवी होती.
काकांना वाचून दाखवलं.
ते राखुंडीनं दात घासत होते.
चूळ टाकली, तोंड पुसलं, विचारलं,
"बोरकुट्याचा कोन लागते थो?"