सात मिनिटं शिल्लक

गाव कापलं, असं क्विदोनं फोनवर सांगितलं,
मंगळवारी, मी ट्रामच्या थांब्यावर उभी असताना.
नकाशात जागा नव्हती, हातात वेळ नव्हता,
आणि खेळणारे म्हणे तिकडे वळतच नव्हते:
डोंगर उतरला की सरळ किल्ल्याकडे, तलवार परजत.
मी म्हटलं, बरं.
हातातला खसखशीचा पाव तसाच गार झाला.

अकरा महिने राहिले होते मी त्या गावात.
माणसं सहा. एक लोहार, एक विधवा, बाकीची बिननावाची,
आणि एक कुत्रा, ज्याला दोनच गोष्टी येत:
बसणं, आणि बसल्या जागी शेपूट हलवणं.
त्यांच्यासाठी एक धून केली होती, शेवट नसलेली.
शेवटचा सूर पहिल्याच्या उंबऱ्याशी येतो
आणि कुणाला कळायच्या आत घरात शिरतो.
कारण खेळणाऱ्याचा भरवसा नसतो.
कुणी औषधाची बाटली घेऊन दोन मिनिटांत निघतो,
कुणी खेळ चालू ठेवूनच
बटाटे उकडायला उठतो, फोन येतो, भांडण होतं,
डोळा लागतो,
आणि माझी व्हायोलिनं विधवेच्या अंगणात
रात्रभर वाजत राहतात. ऐकायला खुर्ची.

युद्धाचं सोपं असतं. ढोल, पितळ, खर्जातले पुरुष,
लॅटिनसारखं काहीतरी, ज्याचा अर्थ मलाही ठाऊक नाही.
राक्षस मेला की संगीत मेलं.
गावात काहीच घडत नाही,
आणि ते पुन्हा पुन्हा घडावं लागतं.

शनिवारी ब्रनोच्या जुन्या सूतगिरणीत बावन्न वादक.
हीटर बंद, कारण माइकला त्याची कुरकुर ऐकू येते.
चेलोवाले कोट घालूनच बसलेले,
व्हायोलाच्या रांगेत वेंडुला, पायात मोज्यांच्या दोन जोड्या.
किल्ला झाला. दलदल झाली. राजाची अंत्ययात्रा,
पहिला ड्रॅगन, दुसरा ड्रॅगन
(तोच, फक्त अर्धा सूर वर; बजेट संपत आलं होतं).
चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी सगळं आटोपलं.
पैसे पाचपर्यंतचे मोजलेले.
लोक गज सैल करू लागले.

माझ्या पिशवीत ते कागद होते. का आणले, विचारू नका.
वेंडेलीननं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"हे कुठल्या दृश्याचं?"
"दृश्य नाही आता."
"मग चुकायची भीतीही नाही," म्हणाला, आणि वाटू लागला.

ओबोवाले ओस्वाल्ड, वय एकाहत्तर,
आयुष्यात एकही खेळ न खेळलेले,
दिवसभर ड्रॅगनला "ती पाल" म्हणणारे,
त्यांनी आपल्या पहिल्या सुराआधी श्वास घेतला,
मोठा, ओलसर, जिना चढून आल्यासारखा,
आणि लोहाराच्या दारात कुणीतरी आलं.
कुत्रा उठला.
त्याचं उठणं कुणी कधी काढलंच नव्हतं.

तीन मिनिटं चाळीस सेकंद.
हॉर्न एकदा घसरला. कुणाची तरी खुर्ची करकरली.
शेवटचा सूर उंबऱ्याशी आला, कागद संपले,
वेंडेलीनचा हात मात्र खाली येईना.
पुन्हा पहिल्यापासून. लिहिलंच होतं तसं.
पाच वाजले. पाच वाजून दोन.
कुणीच कोटाची बटणं लावेना.

काचेपलीकडून येरोनिम विचारतोय, फाइलला नाव काय देऊ?
प्रत्येक तुकड्याला नकाशातल्या जागेचा आकडा असतो,
याला आकडाच नाही.
मी खांदे उडवले. त्यानं काय लिहिलं, अजून पाहिलेलं नाही.

ओस्वाल्ड ओबोची जीभ पुसून डबीत ठेवत होते.
"पालीपेक्षा बरं होतं हे," म्हणाले.
"कुठलं गाव? गाडी जाते का तिकडे?"
चेष्टा होती की नाही, कळेना.
चेहरा तर रस्ता विचारणाऱ्या माणसाचा.

म्हटलं, डोंगर उतरलात ना,
की किल्ल्याकडे वळायचं नाही.