तलंग

चोपड्यात, शिरपूर रोडच्या बाजूला,
कॉलनीतल्या शेवटच्या घरामागे
माझ्या चार कोंबड्या.
चौघींची मिळून रोज तीन अंडी
आणि लोकांचे साधारण सात प्रश्न.

पहिला ठरलेला.
गॅसवाला हौशीराम सिलिंडर टेकवतो, घाम पुसतो,
जाळीतून सगळं परसदार मोजतो.
"ताई, कोंबडा नई, मंग अंडा कसा काय येतस?"
मी सांगते : अंडं वेगळं, पिल्लू वेगळं.
तो मान हलवतो, पटल्यासारखी,
आणि पुढच्या सिलिंडरला
पुन्हा तिथूनच सुरू करतो.

निकुंभ सर, निवृत्त, विषय भूगोल.
पारा पंचेचाळीसवर गेला की
फाटकाशी उभे राहून गंभीरपणे म्हणतात,
"आता डायरेक्ट उकडलेलीच निघत असतील."
तीन उन्हाळे झाले. विनोद आहे की शंका,
मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्या मिसेसना गावठीच हवं,
पण पांढरं नको. पांढरं म्हणजे इंजेक्शनचं.
एकदा मी दोन पांढरी अंडी
रात्रभर चहाच्या पाण्यात ठेवली.
चव ओळखू येते हो, म्हणाल्या.

आणि ती दुपार.
भुरी मातीत लोळत होती,
एक पाय आभाळाकडे, पंख उलटा, डोळे मिटलेले.
कोंबडीची आंघोळ ती, अशीच असते.
भिंतीवरून इंदुबाई बडगुजर किंचाळल्या,
"माय वं! तुन्ही कोंबडी मरी गई वं!"
मी हात पुसत बाहेर येईपर्यंत
त्या तांब्याभर पाणी तिच्यावर ओतून मोकळ्या.
भुरी उठली. सगळा चिखल.
तिनं इंदुबाईंकडे ज्या नजरेनं पाहिलं
ती मी फक्त तहसील कचेरीत पाहिली आहे,
जेवणाच्या सुट्टीत,
अर्ज घेऊन आलेल्या माणसावर.

याच इंदुबाई म्हणाल्या होत्या,
बलक एवढा लाल, कारण तुझ्या कोंबड्या
वाळवणातल्या मिरच्या खातात.
मी पदर तोंडाला लावून हसले.
मग सहज गुरांच्या डॉक्टरांना विचारलं.
"बरोबर आहे बाईंचं," ते म्हणाले,
"आणि कोंबडीला तिखट लागतच नाही."
ही माहिती भिंतीपलीकडे
मी अजून जाऊ दिलेली नाही.

दिवाळीनंतर बाजारात
रुमली बारेलाच्या टोपलीतून एक उचलली.
पिसं फुंकून पाहिली, वजन तोललं,
जाणकारासारखं विचारलं, "तलंग ना?"
"तरणं, तरणं," ती म्हणाली.
साडेतीनशे दिले. नाव ठेवलं कस्तुरी.

कस्तुरीला तुरा आला, रक्तासारखा.
मी म्हटलं, जात निराळी.
शेपटीची कमान झाली.
म्हटलं, सातपुड्याचं वारं.
पायाला काटा फुटला.
म्हटलं, डोंगरात चढायला लागत असेल.
हौशीराम सिलिंडर खांद्यावर तसाच ठेवून थबकला,
"ताई, ही..."
मी त्याला अंडं आणि पिल्लू यांतला फरक
पुन्हा एकदा समजावला.

संक्रांतीच्या पहाटे, सव्वाचारला,
कस्तुरी आरवली.
मी गोधडीत. म्हटलं, नाल्यापलीकडचा कुणाचा असेल.
ती पुन्हा आरवली,
माझ्याच पत्र्यावरून, मान ताणून,
पार बस स्टँडपर्यंत.
निकुंभांकडे दिवा लागला. बडगुजरांकडे लागला.
भिंतीपलीकडून कुणीतरी हसू दाबलं,
ते नीट दाबलं गेलं नाही.

पुढच्या बाजारी रुमलीला गाठलं.
"तरणंच सांगितलं होतं," ती म्हणाली,
"म्हातारं दिलं का?"
यावर काय बोलणार.
तिच्याकडून अर्धा किलो भुईमूग घेऊन आले.

हौशीराम मात्र खूश.
सिलिंडर टेकवला, घाम पुसला,
जाळीतून कस्तुरीकडे बघत राहिला,
उशिरा पोचलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा.
"हां! आते येतीन अंडा."

मी काहीच बोलले नाही.
त्या दिवशी
नेमकी चार निघाली.