शून्य–एक

एरंडवण्यातल्या त्या हॉलमध्ये
पंखा नेमका आठव्या पटावर बंद.
शर्वरी घुले. पाय अजून जमिनीला टेकत नाहीत.
वाट्याला काळी मोहरी,
पण तडतड नाही.

अडतिसाव्या चालीला समोरच्यानं बरोबरी विचारली.
तिनं नुसती मान हलवली
आणि कडेचं प्यादं एक घर पुढं सरकवलं,
जणू शेजारी विरजण मागायला धाडलं.

ते पोचलं.
त्यानं घड्याळ थांबवलं, हात पुढं केला,
नाक बाहीला पुसलं.

मी पंच. निकाल लिहिला:
आधी शून्य, मग एक.
काळा जिंकला की असंच लिहितात.

वर पाहिलं तर दोघं पुन्हा डाव मांडत होती.
"हत्ती इथं, प्याद्याच्या मागं आणायचास ना,
मग बरोबरी मीच मागितली असती."

त्यानं हत्ती उचलला.
बराच वेळ हातातच धरला.