घटक चौथा

रात्री बारापर्यंत अभ्यासक्रम पाठवायचा आहे.
तृतीय वर्ष भूगोल, सत्र पाचवे, किनारपट्टीचा अभ्यास,
श्रेयांक दोन, तास तीस.
रकाने वरूनच आखून आलेत. मी फक्त भरायचे,
जनगणनेला घरोघर फिरून भरले होते तसे.

जुन्या अभ्यासक्रमात
भरती समजवायला कॅनडातला एक उपसागर होता.
एकोणीस वर्षं मी तो फळ्यावर काढला,
आणि माझ्या पाठीमागे, खिडकीत,
भाट्याची खाडी दिवसातून दोनदा भरत राहिली.

त्या फळ्यासमोर यतीन डोर्लेकर बसायचा.
बसायचा म्हणजे, हजेरी एकतीस टक्के.
हंगामात तो बोटीवर.
भरती-ओहोटीची कारणे लिहा, गुण पाच.
त्यानं लिहिलं होतं: तिथीची पाऊणपट करावी.
एकादशी असेल तर अकरा पाऊण सव्वाआठ,
सव्वाआठला पाणी भरतं. बाबा घड्याळ बघत नाहीत.
मी लाल पेनानं विचारलं, कारणे कुठे आहेत?
आणि दोन गुण दिले.
दोन कशाचे, ते मला अजून सांगता आलेलं नाही.

घटक एक, किनाऱ्याची भूरूपे, तास आठ.
घटक दोन, लाटा, प्रवाह, गाळ, आठ.
घटक तीन, किनारी नियमन, सात.
घटक चार,
इथं कर्सर तासभर उघडमीट करतोय.

मंगळवारी शिरगावच्या खाजणात गेले होते,
शेवंती पावसकरांना विचारायला,
की गुरुवारी साडेअकराला वीस मुलं आणली
तर कालवं कशी काढतात ते दाखवाल का.
त्यांनी टोचा खडकावर ठेवला.
"पानी काय तुमच्या घंटेवर वसारतंय?"
मी म्हटलं, वेळापत्रक प्राचार्यांकडं असतं.
"मंग त्येंना आना चिखलात.
आवसेला ये, सांजच्या पाचला.
भांगाला येऊन काय बघशील, माजी ढोपरं?"

घरी येऊन कागदावर मांडलं.
पाणी रोज दोन घटका मागं सरतं,
अठ्ठेचाळीस मिनिटं.
आमचा तासही अठ्ठेचाळीस मिनिटांचाच.
इतकी वर्षं घंटा ऐकली, हे कधी जुळवलं नाही:
समुद्र रोज एक तास उशिरा वर्गात येतो
आणि आम्ही त्याची गैरहजेरी मांडतो.

अध्ययन निष्पत्तीसाठी क्रियापदांची यादी दिली आहे.
विद्यार्थी ओळखू शकेल, वर्णन करू शकेल, विश्लेषण करू शकेल.
थांबू शकेल, हे त्या यादीत नाही.
संदर्भसूचीत आधी आडनाव:
पावसकर, शेवंती.
प्रकाशक?
वर्ष? "मोठ्या वादळाच्या सालची मी," इतकंच त्या सांगतात.
ओळ खोडली. पुन्हा लिहिली. खोडली.
मंडळाचे अध्यक्ष चिपळुणातून फोनवर म्हणाले,
बाई, वेळापत्रकात बसेल असं काहीतरी टाका ना.

पावणेबारा.
घटक चार, खाडीचे वेळापत्रक, तास सात.
ठिकाण शिरगाव खाजण, वेळ तिथीनुसार.
पूर्वतयारी: पाऊणकी पाठ असावी.
मार्गदर्शक, याला रकाना नव्हता. मी आखला,
आणि नाव लिहिलं, वर्ष न लिहिता.

गेली फाईल. बहुधा परत येईल.
यतीनचा जुना नंबर लावून पाहिला,
संपर्क क्षेत्राबाहेर. म्हणजे बाहेरच्या पाण्यात.
मुखाशी गाळ साठलाय, भरतीवाचून बोट आत येत नाही.
उद्या सप्तमी.
सात पाऊण सव्वापाच.

पहाटे सव्वापाचला पुन्हा लावीन.
त्याचे तीन गुण राहिलेत माझ्याकडे.